गोव्याला विमानाने येताय? अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

माझं माहेर नागपूरचं, सासर फोंड्याचं. त्यामुळे पाव्हण्यांच्या येण्याजाण्याची चौकशी आमच्याच घरी होते. कुणाला मंगेशीला अभिषेक करायचा असतो, कुणाला कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायची असते, कुणाच्या मुलाला फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. प्रश्न मात्र ठरलेला: "ताई, नागपूरहून गोव्याला विमानाला किती वेळ लागतो?"

मी सांगते, विमानाला पावणेदोन तास. आणि लगेच पुढे जोडते, तुमच्या घरापासून माझ्या घरापर्यंत सहा-साडेसहा तास धरा. ऐकणारा गप्प होतो, कारण त्याने पावणेदोन तासांवरच सगळं बेतलेलं असतं. दुपारी बाराला विमान उतरणार म्हणजे एक वाजता जेवायला पाटावर! तसं होत नाही. विमानाचा प्रवास पहिल्यांदाच करणाऱ्या किंवा गोव्यात पहिल्यांदाच येणाऱ्या माणसासाठी हा हिशेब सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी तिकिटावरची तीन अक्षरं वाचा

गोव्यात विमानतळ दोन आहेत आणि दोन्हींच्या तिकिटावर "गोवा" हे नाव असतंच. फरक कळतो तो शहराच्या नावाशेजारच्या तीन अक्षरांवरून. जी-ओ-आय असेल तर दाबोळी, जी-ओ-एक्स असेल तर मोपा. शेवटी एक्स दिसला की मोपा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दाबोळी हा जुना विमानतळ. वास्कोजवळ, मुरगाव तालुक्यात. पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधलेला, मुक्तीनंतर नौदलाकडे आलेला. आजही तो नौदलाचा 'आयएनएस हंसा' तळ आहे आणि आपली प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरून उडतात. मोपा पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. त्याचं नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मनोहर पर्रीकरांच्या स्मरणार्थ. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झालं आणि ५ जानेवारी २०२३पासून विमानं सुरू झाली.

या दोन विमानतळांमधलं अंतर सरळ रेषेत मोजलं तर चाळीस किलोमीटर. रस्त्याने साठच्या वर. मध्ये झुआरी, मग मांडवी, मग म्हापसा, मग कोलवाळची नदी. दीड तास सहज जातो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याहून जास्त.

मोपा सुरू झाला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात माझे बाबा पहिल्यांदा विमानात बसले. वय चौऱ्याहत्तर. मी नेहमीच्या सवयीने दाबोळीला जाऊन उभी राहिले, कारण आमच्या घरात "विमानतळ" म्हणजे दाबोळीच. विमान उतरल्याची वेळ होऊन गेली, माणसं बाहेर येऊन संपली, बाबा नाहीत. तेवढ्यात त्यांचा फोन: "पोरी, मी बाहेर आलो. इथे समोर नुसता लाल कातळ आहे, तू कुठे आहेस?" लाल कातळ म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. मोपा जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. त्यांच्यापर्यंत पोचायला मला दोन तास लागले. ते शांतपणे खुर्चीवर बसून होते, पिशवीतला संत्र्यांचा डबा मांडीवर धरून. तेव्हापासून मी कुणाचंही तिकीट आधी फोटो काढून मागवते आणि ती तीन अक्षरं स्वतः वाचते.

आता मुंबईकरांनीही हीच काळजी घ्यायची आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं, तेव्हा निघायचं गावही दोन ठिकाणी विभागलं गेलं. बी-ओ-एम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ, एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई. जुन्या विमानतळाचं तिकीट असेल तर टर्मिनलचा आकडाही पाहा. रिक्षावाल्याला नुसतं "एअरपोर्ट" म्हणून भागत नाही.

अंतर मोजायचं कसं

हे आपलं आपल्याला मोजता येतं, आणि एकदा मोजून पाहिलं की नकाशा डोक्यात बसतो.

विमानाचं अंतर म्हणजे दोन विमानतळांमधली पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सर्वांत जवळची रेषा. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावं तसा आखूड होतो. आपल्या कोकणपट्टीत तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो.

मुंबईचा जुना विमानतळ १९.०९ अक्षांशावर, दाबोळी १५.३८वर. फरक ३.७१ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण ४१२ किलोमीटर. रेखांश ७२.८७ आणि ७३.८३, फरक ०.९६, म्हणजे पूर्व-पश्चिम १०२ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस आठवा. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येतं सुमारे ४२५ किलोमीटर. फार लांबच्या शहरांना पृथ्वीच्या गोलाईमुळे ही रीत चुकते, पण देशातल्या प्रवासाला ती पुरेशी बरोबर येते. माझ्या मुलीने हे सातवीत असताना वहीत करून पाहिलं आणि नंतर घरातल्या प्रत्येक पाव्हण्याला त्याचं गाव किती दूर आहे ते सांगत सुटली.

याच रीतीने: पुण्याहून दाबोळी सुमारे ३५५ किलोमीटर, मोपा ३१५. नागपूरहून दाबोळी ८४०, मोपा साधारण ८०५. दिल्लीहून दाबोळी दीड हजार, मोपा त्याहून चाळीस कमी. मुंबईहून मोपा ३८५. मोपा उत्तरेला असल्यामुळे महाराष्ट्रातल्या लोकांना तो हवेतून जवळ पडतो. बंगळूरचं मात्र उलट आहे: दाबोळी सुमारे ४८०, मोपा ५००.

पण तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे विमानाची तीन-चार मिनिटं. त्यासाठी विमानतळ निवडू नये. जमिनीवरचे तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे एक तास, निवड करायची ती त्यावरून.

तिकिटावरची वेळ म्हणजे उडण्याची वेळ नव्हे

मुंबई-गोवा ४२५ किलोमीटर. मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या पुढे धावतं. मग अर्ध्या तासात पोचायला हवं, तिकिटावर सव्वा तास का लिहितात? हा प्रश्न मला बाबांनी विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे.

तिकिटावरची वेळ सुरू होते ती विमान जागेवरून हलतं तेव्हा, आणि संपते ती विमान दुसरीकडे जाऊन जागेवर थांबतं तेव्हा. मधल्या वेळात बरंच काही असतं. विमान आधी धावपट्टीपर्यंत रांगत जातं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरली जाते आणि रांग लागते. मग उड्डाण, वर चढायला वीसेक मिनिटं. दहा हजार फुटांच्या खाली विमानाला वेगाची मर्यादा असते, ताशी सुमारे ४६० किलोमीटर. वर पोचून पुरता वेग घेतो न घेतो तोच उतरायची तयारी सुरू होते. मुंबई-गोव्यात पूर्ण वेगाने सरळ जाण्याचा भाग अगदी थोडा. शिवाय दाबोळीची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि विमान उत्तरेकडून येतं, म्हणजे वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. खिडकीतून आधी समुद्र, मग नारळीची बनं, मग पुन्हा समुद्र दिसला तर घाबरू नका, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वैमानिक वळण घेतो आहे. आणि कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटं राखूनही ठेवतात. म्हणून कधी कधी उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं.

प्रत्यक्ष हवेतला वेळ मुंबईला पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, पुण्याला त्याहून किंचित कमी.

पंख्याची विमानंही या भागात आहेत. मोपाहून चालणाऱ्या फ्लाय ९१ कंपनीची एटीआर ७२ तशी. त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. पुण्यासारख्या जवळच्या गावाला त्यामुळे फार फरक पडत नाही, दहा-वीस मिनिटांचा. हैदराबादसारखं गाव असेल तर जास्त जाणवतो. या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी ट्रॉली बॅग खालीच द्यायची तयारी ठेवा.

उलटा हिशेब

आता मुख्य काम. कागद घ्या आणि विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे या. पुण्यात कोथरूडला राहणारं कुटुंब मंगेशीला येतं आहे असं धरू. समजा विमान सकाळी १०:३०ला लोहगावहून सुटणार आहे, मोपासाठी.

१०:०५ला गेट बंद. बहुतेक कंपन्या पंचवीस मिनिटं आधी गेट मिटतात आणि विमान समोर उभं दिसत असलं तरी मग आत सोडत नाहीत. ९:३०ला सामान घेण्याचा काउंटर बंद, म्हणजे एक तास आधी. सुरक्षा तपासणीची रांग, आजी-आजोबांची चाल, लहान मूल असेल तर त्याचं सगळं, हे धरून ८:३०ला विमानतळाच्या दारात असायला हवं. कोथरूड ते लोहगाव सकाळच्या गर्दीत सव्वा तास. म्हणजे घर सोडायचं ७:१५ला. सव्वासातला "निघतो" नव्हे, गाडीत बसलेलं असायचं.

पुढचा हिशेब. ११:४०ला विमान मोपाला जागेवर लागलं. दार उघडणं, चालणं, पट्ट्यावरून सामान येणं, यात अर्धा तास. १२:१०ला बाहेर. टॅक्सीने धारगळ, म्हापसा, पर्वरी, पणजी करत मंगेशी, दीड तास. म्हणजे १:४०.

सव्वासात ते एक चाळीस. सहा तास पंचवीस मिनिटं, त्यातली हवेत जेमतेम पंचेचाळीस. तरीही रस्त्याने पुण्याहून येण्यापेक्षा तीन-चार तास वाचतात, आणि घाटातली वळणं सोसत नसलेल्या माणसाला विमानच बरं. फक्त देवळातली दुपारची आरती गाठायची असेल तर हे विमान चालणार नाही, आदल्या दिवशी या. हेच समजून घ्यायला हा कागद.

मुंबईकरांनी आणखी एक तुलना करावी. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३मध्ये सुरू झाली. पहाटे निघून दुपारी मडगावला, पावसाळा सोडून साधारण पावणेआठ तास. ठाण्याला राहणारा माणूस ठाण्यालाच गाडीत चढतो. त्याला जायचं असेल काणकोण किंवा मडगावला, तर दारापासून दारापर्यंत विमानात आणि रेल्वेत दोन-अडीच तासांचाच फरक उरतो. पैसे आणि खिडकीबाहेरचं कोकण पाहता मी अशा वेळी रेल्वेच सांगते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात, तेवढं बघून घ्या.

उतरल्यावर कुठे जायचंय, त्यावरून विमानतळ

पेडणे, म्हापसा, कळंगुट, डिचोली, साखळी, आणि महाराष्ट्रातलं बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग: मोपा. वास्को, मडगाव, केपे, काणकोण: दाबोळी. पणजीला दोन्ही चालतात. दाबोळी रस्त्याने सुमारे सत्तावीस किलोमीटर, मोपा पस्तीस-चाळीस. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून दाबोळीकडची जुनी कोंडी खूप सुटली. मोपाकडेही धारगळहून थेट विमानतळापर्यंत जोडरस्ता झाला आहे. फोंड्याला दाबोळी एक तास, मोपा दीड. सांगे, धारबांदोडा इकडे येणाऱ्यांनी दाबोळीचं विमान थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं, टॅक्सीत तेवढे पैसे जातातच.

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या लोकांनी चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळही बघावा. तो ऑक्टोबर २०२१पासून सुरू आहे, मात्र विमानं मोजकी असतात, रोजचं धरून चालू नका.

टॅक्सीच्या बाबतीत पुण्या-मुंबईची सवय बाजूला ठेवा. बाहेर येण्याआधी आतच प्रीपेड टॅक्सीचा काउंटर असतो, तिथे पावती करून घ्या. गोवामाइल्सचं ॲप घरूनच उतरवून ठेवा. कदंबच्या बसगाड्या दोन्ही विमानतळांवरून सुटतात. एकटा माणूस आणि एकच बॅग असेल तर मी त्यांचीच शिफारस करते, पण रात्री उशिरा उतरणार असाल तर बसच्या भरवशावर राहू नका. आणि वास्को किंवा पणजीत कुणी "पायलट हवा का?" असं विचारलं तर गोंधळू नका. आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने नेणारा.

तारीख, रात्र आणि घड्याळ

यात फार माणसं फसतात. तिकिटावर १४ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल तर विमानतळावर जायचं १३ तारखेच्या रात्री. जेवून, दहाच्या आत निघा. १४च्या रात्री गेलात तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतील. अशा तिकिटावर मी पेनाने "१३ची रात्र" असं मोठ्या अक्षरात लिहून देते.

आखातात जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावच्या. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा विमान इथून १०:००ला निघून तिथे ११:४५ला पोचतं. पावणेदोन तास दिसतात, पण त्यात दीड तास मिळवा: सव्वातीन. येताना उलट, दीड तास वजा करा. हवाई अंतर सुमारे २,२०० किलोमीटर आहे, पावणेदोन तासांत ते कुठलंच प्रवासी विमान कापत नाही. परदेशी प्रवासाला विमानतळावर तीन तास आधी.

उंचावर वारं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, हिवाळ्यात जोरात. त्यामुळे गोव्याहून कोलकात्याला जाताना वेळ कमी आणि परतताना जास्त लिहिलेला दिसला तर ती छपाईची चूक नव्हे.

पाऊस आणि हंगाम

जून ते सप्टेंबर उतरण्याचा हिशेब सैल ठेवा. मोपाचं पठार समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच आहे, त्यावर ढग टेकतात. जोराच्या सरीत विमान घिरट्या घालत थांबतं, आणि नाहीच जमलं तर बेळगाव, बंगळूर किंवा हैदराबादला वळवतात. हे सुरक्षेसाठीच असतं, वैमानिकाला दोष देऊ नये. लग्नमुहूर्त किंवा परीक्षा असेल तर पावसाळ्यात त्याच दिवशीचं विमान घेऊच नका. जोड-विमान असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.

नाताळ ते नववर्ष आणि चवथीचे दोन दिवस आधी गोव्याचे रस्ते तुंबतात. पर्वरीत आणि म्हापशाजवळ अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.

परतीला हाच कागद उलटा. फोंड्याहून मोपाला जाताना मी बाबांना विमानाच्या चार तास आधी घरातून काढते: दीड तास रस्ता, अर्धा तास अडीअडचणीचा, दोन तास विमानतळावर. दाबोळी असेल तर साडेतीन. निघताना कोकम सरबताच्या आणि लोणच्याच्या बाटल्या हातातल्या पिशवीत नव्हे, खाली द्यायच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवते. तपासणीत असे पदार्थ काढून घेऊ शकतात. आणि नागपूरला उतरून घरी पोचेपर्यंत सव्वासहा तास झाले की बाबांचा फोन येतो, "पोचलो, बाटल्या सुखरूप आहेत."